डासाचा जीव आणि श्रावकाचा हात

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अहिंसेवरील व्याख्यान म्हटले की गाय, कत्तलखाना आणि पांजरपोळ यांची चर्चा अपेक्षित असते. ती व्हावयासच हवी. परंतु भंडारा जिल्ह्यातील सामान्य श्रावकाने आयुष्यात कधी बोकडावर सुरी चालविलेली नसते आणि पुढेही तो ती चालविणार नसतो. त्याच्या स्वतःच्या हातून जे जीव जातात ते निराळेच असतात. डास, ढेकूण, झुरळे, वाळवी, उवा, धान्यातील सोंडे. हा विषय क्षुल्लक समजला जातो, म्हणून सभेत येत नाही. घरात मात्र तो रोज संध्याकाळी दिवेलागणीला उपस्थित होतो.

एखाद्या प्राणीप्रेमी गृहस्थाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. उन्हाळ्यात तो गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवतो. मुंग्यांच्या वारुळापाशी पीठ घालतो. पाण्यात पडलेली मधमाशी पिंपळाच्या पानावर उचलून उन्हात ठेवतो व तिचे पंख वाळेपर्यंत तेथून हलत नाही. घरात विंचू निघाला तर चिमट्याने डब्यात घालून गावाबाहेर सोडून येतो. हाच गृहस्थ सायंकाळी माळ घेऊन बसतो, कानाशी गुणगुण सुरू होते, आणि पाचव्या-सहाव्या मण्यावर त्याचा हात आपोआप उठतो. तळहातावर रक्ताचा ठिपका उमटतो. ते रक्त डासाचे नाही, त्याच्या स्वतःच्या नातवाचे असते. आधी सुटल्यासारखे वाटते, नंतर चुटपुट लागते, आणि त्यानंतर आपल्याच चुटपुटीचे थोडे हसू येते. इतरांनाही येते. हत्तीएवढे प्रश्न पडलेले असताना डासाचे काय घेऊन बसलात, असे घरातील तरुण मंडळी विचारतात.

वस्तुतः या चुटपुटीला शास्त्राचा आधार आहे. जैन परंपरेने जीवांची विभागणी करताना आकार पाहिला नाही, इंद्रिये मोजली. शंख-जळू द्वींद्रिय, मुंगी-ढेकूण-ऊ त्रींद्रिय, माशी-डास-भुंगा चतुरिंद्रिय. म्हणजे डास हा डोळे असलेला जीव ठरतो, माणसापासून एकाच इंद्रियाने दूर. त्याला मन नाही, तो असंज्ञी आहे, असेही शास्त्र सांगते. पण मन नसले म्हणून दुःख नाही, असे मात्र ते म्हणत नाही. गाय डोळ्यांत पाणी आणते, कुत्रा कळवळून ओरडतो, म्हणून त्यांची दया येणे सोपे. डासाला हंबरडा नाही. त्यामुळे डासाविषयीची दया ही भावनेतून कमी आणि विचारातून अधिक उपजावी लागते.

अलीकडे विज्ञानही या दिशेला वळू लागले आहे. २०२२ साली लंडनमधील संशोधकांनी भुंगमाश्यांपुढे लाकडाचे छोटे चेंडू ठेवले, तेव्हा कोणतेही खाद्य मिळत नसतानाही त्या माश्या ते पुनःपुन्हा लोळवीत राहिल्या. त्याला खेळ म्हणावे असे संशोधकांचे मत पडले. २०२४ साली न्यूयॉर्क येथे काही शास्त्रज्ञ व तत्त्वज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका जाहीरनाम्यात कीटकांनाही जाणीव असण्याची शक्यता दुर्लक्षिता येणार नाही, असे नमूद आहे. शास्त्राला या प्रमाणपत्राची गरज होती असे नव्हे. पण ज्या तरुणांना आजोबांची चुटपुट हास्यास्पद वाटते, त्यांनी हे वाचून पाहावे.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती भंडाऱ्यात जितकी तीव्र आहे तितकी थोड्याच ठिकाणी असेल. वैनगंगेचा हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये आठवडेच्या आठवडे पाणी उभे असते. त्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स जातीचे डास जपानी मेंदूज्वराचे वाहक ठरतात. गावातील तुंबलेल्या गटारात वाढणारा त्यांचाच एक भाईबंद हत्तीपायाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो, आणि पूर्व विदर्भात सुजलेला पाय घेऊन जन्म काढणारी माणसे आजही दिसतात. डेंग्यूचा एडीस तर स्वच्छ पाण्यात, घराच्या आतच वाढतो आणि दिवसा चावतो. लहान मुलांचा घात करणारा चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळ प्रथम सापडला, गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. तो वालुमाशीकडून पसरतो, आणि वालुमाशी राहते भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलीत. गोसेवा करणाऱ्याच्या दाराशीच ती असते.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्या दिवसापर्यंत डास हा केवळ त्रास होता. त्यानंतर तो मृत्यूचा दूत ठरला, आणि अहिंसकाची अडचण शतपट वाढली. आपल्याला होणारी खाज सोसणे ही तितिक्षा झाली. पाळण्यातील बाळाला डास चावू देणे हिला कोणते नाव द्यावयाचे?

येथे मुनिधर्म आणि श्रावकधर्म यांतील भेद स्पष्ट ठेवावा लागतो. मुनींनी सोसावयाचे बावीस परीषह सांगितले आहेत, त्यांतील पाचवा आहे दंशमशक, म्हणजे डांस-मच्छरांचे दंश. भूक, तहान, थंडी आणि उष्णता यांच्या पाठोपाठ डासाला स्वतंत्र स्थान मिळावे, यावरून आचार्यांना या पीडेची किती अचूक कल्पना होती हे कळते. भगवान महावीरांच्या साधनाकाळाच्या आरंभी चार महिन्यांहून अधिक काळ जीवजंतू त्यांच्या देहावर येऊन चढत, फिरत व पीडा देत, असे वर्णन आचारांगात आले आहे. त्यांनी हात उचलला नाही. पण तो देह त्यांचा होता. मुनी स्वतःच्या देहाविषयी जो निर्णय घेतात, तो गृहस्थाला नातवाच्या देहाविषयी घेता येत नाही. म्हणूनच शास्त्राने गृहस्थाला महाव्रते न देता अणुव्रते दिली. त्याने त्रस जीवांची संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून, मारण्यासाठीच मारणे सोडावे. स्वयंपाक-पाणी-झाडलोट यांत होणारी आरंभी, चरितार्थात होणारी उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णतः टाळता येत नाही, हे मान्य केले गेले.

आता प्रश्न असा की डास मारणे यांपैकी कशात मोडते? बहुतेक जण घाईने सांगतील, विरोधीत. परंतु ही कोष्टके गृहस्थाच्या सोयीसाठी केलेली नाहीत, त्याच्या आत्मपरीक्षणासाठी केलेली आहेत. हल्ली बाजारात विजेची रॅकेट मिळते. ती फिरविली की चट् असा आवाज होतो, ठिणगी उडते, आणि मुले मोजतात: दहा झाले, बारा झाले. बारावा डास मरतो तेव्हा तेथे संरक्षण उरलेले नसते, मौज असते. चावणाऱ्या डासावर नकळत पडलेला हात आणि शोधून शोधून फिरविलेली रॅकेट यांत मेलेल्या डासाच्या दृष्टीने काही फरक नाही. मारणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्व फरक तेथेच आहे. अहिंसक घरातून एखादी वस्तू खरोखर हद्दपार करावयाची झाली, तर ती हीच रॅकेट. निदान ती मुलांच्या हाती तरी देऊ नये.

मनाच्या या द्विधा अवस्थेचे सर्वांत प्रामाणिक दर्शन ज्यांच्याकडे घडते ते गृहस्थ जन्माने जैन नव्हते. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत असलेल्या मोहनदास गांधींनी श्रीमद् राजचंद्रांना प्रश्नांची एक यादी पाठविली. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. ईश्वर, मोक्ष, वेद, गीता, ख्रिस्ती धर्म अशा सत्तावीस प्रश्नांची ती यादी संपते एका अगदी व्यावहारिक प्रश्नावर: साप चावायला आला आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्याला दूर करता येत नसेल, तर त्याला चावू द्यावे की मारावे?

श्रीमदांचे उत्तर अवघड आहे, आणि ते सोपे करून सांगण्याचा मोह टाळावयास हवा. चावू द्या, असा उपदेश करण्यास ते स्वतःच कचरतात. पण देह नाशवंत आहे हे ज्याला कळले, त्याने त्या निरुपयोगी देहाच्या रक्षणासाठी, आपल्या देहावर प्रेमाने आसक्त असलेल्या जीवाला मारण्याचे समर्थन कसे करावे, असा उलट प्रश्न ते विचारतात. आत्महिताची ज्याला इच्छा आहे त्याने देह जाऊ द्यावा. ज्याला ती इच्छा नाही त्याने काय करावे? त्याला मार असे सांगता येईल, पण तशी वृत्ती तुमच्या-आमच्या स्वप्नातही नसो, अशा अर्थाने त्यांनी उत्तराचा शेवट केला आहे. म्हणजे नियम सांगितला नाही. प्रश्न विचारणाऱ्याला त्याची स्वतःची पायरी ओळखावयास लावली.

गांधीजींनी हा प्रश्न पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे राहावयास गेले. आसपास सापांचा सुळसुळाट होता. तेथे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवण्याची पेटी आजही पाहावयास मिळते. नागपूर ओलांडले की वर्धा, भंडाऱ्यातील अनेकांनी ती वस्तू पाहिली असेल आणि कुतूहलाची म्हणून पुढे गेले असतील. १८९४ च्या प्रश्नात ‘दुसऱ्या कोणत्याही मार्गाने’ ही जी अट होती, तिचे ते लाकडी उत्तर आहे. चावू देणे किंवा मारणे एवढे दोनच पर्याय असतील तेव्हा तत्त्वज्ञान लागते. चिमटा हाताशी असेल तर बहुतेक वेळा ते लागत नाही.

परंतु जेथे चिमटा चालत नाही तेथे गांधीजींनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने पिसाळण्याच्या भीतीने साठ कुत्री मारविली. गांधीजींनी त्या कृत्याला दोष दिला नाही. जीवदया मानणाऱ्या समाजात मोठा क्षोभ झाला, रागाच्या पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांना कित्येक आठवडे ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’मधून उत्तरे द्यावी लागली. भटक्या कुत्र्याला पोळीचा तुकडा टाकून त्याला बेवारस ठेवणे ही दया नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनातील एक मुद्दा होता. तो आजही अनेकांना पटणार नाही, आणि आज कुत्र्यांना लस टोचता येते, त्यामुळे मारण्याचा तो युक्तिवाद तसाच्या तसा लागूही होणार नाही. पुढे १९३५ साली गुजरातेत बोरसद तालुक्यात प्लेग पसरला तेव्हा सरदार पटेलांच्या पुढाकाराने घरोघर स्वच्छतेची मोहीम झाली. उंदीर आणि पिसवा यांचा नाश करणे हाही तिचा भाग होता. अहिंसेचा उपासक हे कसे चालवून घेतो, अशी विचारणा गांधीजींकडे झाली. उंदीर व पिसवांनाही जगण्याचा तितकाच अधिकार आहे, त्यांना मारणे ही हिंसाच आहे, आणि तरीही आजच्या स्थितीत ती करावी लागेल, अशी भूमिका त्यांनी घेतली.

या भूमिकेतील मोलाचा भाग ‘करावी लागेल’ हा नाही. तो तर कोणीही म्हणतो. मोलाचा भाग आहे तो तिला हिंसा म्हणण्याचा. गृहस्थ सहसा दोनांपैकी एक पळवाट शोधतो. डासाला जीव तो काय, असे म्हणून तो मारण्याला हिंसेच्या यादीतूनच काढून टाकतो, किंवा मी मारत नाही असे म्हणून मारण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवितो. शास्त्राने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगून दुसरी वाट केव्हाच बंद केलेली आहे. आरोग्य खात्याने दिलेले गप्पी मासे टाक्यात सोडले की ते डासाच्या अळ्या खातात, आपले हात कोरडे राहतात. ते कारित झाले. नगरपालिकेची धूरफवारणी गल्लीत आली नाही म्हणून तक्रार करणे हे अनुमोदन झाले. गप्पी मासे सोडू नयेत असा याचा अर्थ नव्हे, ते विषारी औषधापेक्षा निश्चितच बरे. पण हिशेबाच्या वहीत ती रक्कम लिहिली गेली पाहिजे.

आणि तरीही या वहीत सर्वांत कमी रक्कम ज्या मार्गाने पडते, तो जैन घरांना जुनाच परिचयाचा आहे. जीव उत्पन्न झाल्यावर त्याचे काय करावयाचे हा प्रश्न दुर्धर आहे. तो उत्पन्न होण्याजोगी स्थिती होऊ न देणे हे आटोक्यातील काम आहे. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवसांची धरावयाची, ही दिगंबर घरांतील चाल नव्या सुनांना जाचक वाटते. तिचे गणित मात्र सरळ आहे, अळी पडण्याआधी पीठ संपले पाहिजे. असे कीटक संमूर्च्छिम, म्हणजे ओल व मळ यांतून उपजणारे आहेत असे शास्त्र म्हणते. कीटकशास्त्र प्रत्येक अळीमागे अंडे दाखविते. त्या वादात शिरण्याची येथे आवश्यकता नाही, कारण ओल आणि मळ नसावा हा दोघांचाही व्यवहारातील सल्ला एकच आहे.

पाणी गाळण्याच्या नियमाची कथा तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. नारू नावाचा रोग आज तरुणांना ऐकूनही ठाऊक नाही. पायातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे, आणि तो काडीवर गुंडाळीत दिवसामागून दिवस काढावे लागत. या जंताची पिल्ले सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलजीवाच्या पोटात राहतात, आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर तो जीव माणसाच्या पोटात जातो. देशभर नारू निर्मूलनाची मोहीम निघाली तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे हे उपाय झाले, आणि घरोघर सांगितले गेले की पाणी कापडाने गाळून प्या. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. ज्या जलजीवाला वाचविण्यासाठी श्रावक शतकानुशतके दुपदरी गाळण्याने पाणी गाळीत आला, तोच जीव पोटात न गेल्याने श्रावकही वाचला.

मात्र या नियमाचा दुसरा भाग आज पेच निर्माण करतो. गाळण्यावर राहिलेली जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळुवार परत पोचवावयाची असते. नियम घडला तेव्हा समोर विहीर होती, नदी होती, तलाव होता, तेथे मासे होते, बेडूक होते, निसर्गाचा आपला समतोल होता. आज समोर असतो मोरीतला प्लास्टिकचा ड्रम. त्यातील पाणी गाळले आणि गाळण्यावर वळवळणाऱ्या अळ्या आल्या, तर त्या परत ड्रममध्ये सोडावयाच्या? तसे केले तर आठवड्याभरात शेजारच्या मुलाला डेंग्यू होण्याची सोय होते. जमिनीवर ओतल्या तर त्या तडफडून मरतात. काही जण अशी जिवाणी तलावात नेऊन सोडतात. अळ्या तेथे माशांच्या तोंडी जातात हे त्यांनाही कळते, पण निदान अळीला तिच्या जगात पोचविले एवढे समाधान मिळते. ते समाधान खोटे म्हणवत नाही, पुरेसेही म्हणवत नाही. प्रश्नाचे खरे उत्तर ड्रमच्या झाकणात आहे. आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावयास सांगते, कारण अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासाला आठ-दहा दिवस लागतात. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहूनही जगतात, म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, ते घासावे लागते. घासताना ती अंडी जातात. येथेही वहीत एक लहानशी नोंद पडतेच. पर्युषणात उपवास मोजले जातात. त्याच काळात कूलर, कुंड्यांखालच्या बशा आणि फुटके टायर कोण मोजतो? गोठ्याच्या भिंतींच्या भेगा पावसाळ्यापूर्वी लिंपून घेतल्या तर वालुमाशीला घर मिळत नाही, आणि एकही जीव न मारता गोठा निर्वेध होतो. मच्छरदाणी ही तर सेवाग्रामच्या चिमट्याची सख्खी बहीण. ती कोणालाही मारत नाही, फक्त दोन जीवांच्या मध्ये उभी राहते. तिच्यावर औषध चोपडलेले नसेल तर, अर्थात.

शेतीचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, येथे थोडक्यात. २०१७ च्या खरिपात भंडारा-गोंदिया पट्ट्यात तुडतुड्यांनी धानाची अशी नासाडी केली की काही शेतकऱ्यांनी उभे पीक पेटवून दिले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. या दोन घटना एकत्र वाचाव्यात. तुडतुड्याला खाणारे कोळी, चतुर आणि इतर मित्रकीटक फवाऱ्याने आधी मरतात आणि मग तुडतुड्याला रान मोकळे मिळते, हे भातसंशोधकांनी आशियातील अनेक देशांत पाहिले. इंडोनेशियाने तर १९८६ साली भातावर वापरावयाच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. कमी मारणाऱ्याचे पीक अधिक राहते, असे काही वेळा घडते. नेहमीच घडते असे सांगणे मात्र शेतकऱ्याची फसवणूक ठरेल. शेती करणारे जैन कुटुंब असो वा कृषिकेंद्र चालविणारे, औषधाची बाटली विकताना किंवा घेताना ‘याखेरीज चालेल का’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट जाता जाता. त्रास देणाऱ्या कीटकावर एवढा विचार करणारा समाज, त्रास न देणाऱ्या कीटकाविषयी मात्र कधी कधी गाफील असतो. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा कोसा प्रसिद्ध आहे. ऐनाच्या झाडांवर वाढलेल्या अळीचा कोश, आतील जीवासह उकळून, त्याचा अखंड धागा काढतात. पतंग बाहेर पडून गेल्यावरच्या कोशापासून वस्त्र विणण्याची पद्धत हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी ‘अहिंसा रेशीम’ म्हणून रूढ केली. ते वस्त्र महाग पडते. कोसा हा या भागातील ढिवर व कोष्टी कुटुंबांच्या पोटाचा आधार आहे, त्यामुळे बहिष्काराची भाषा येथे शोभणार नाही. पण डास मारल्याची हळहळ करीत पूजेला कोशाचे सोवळे नेसणाऱ्याने एकदा आरशात पाहावे.

जुन्या काळी या द्विधेतून काढलेला एक मार्ग आज विस्मयकारक वाटतो. सुरतेच्या पांजरपोळात जखमी पशुपक्ष्यांबरोबर धान्यातील किड्यांसाठीही वेगळी जागा होती. घरातील किडलेले धान्य लोक तेथे आणून टाकीत, म्हणजे किडे आयुष्य संपेपर्यंत त्यावर जगत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे पाहून नवल करीत लिहून ठेवले. अशा खोल्यांना ‘जीवातखाना’ म्हणत. परक्या माणसाला ते वेड वाटले असेल. त्या खोलीचा खरा उपयोग किड्यांना किती झाला कोण जाणे. माणसांना मात्र झाला असावा, कारण किडा फेकण्यापूर्वी थांबण्याची, तो वेचून डबीत ठेवण्याची आणि खोलीपर्यंत चालत जाण्याची सवय त्यांच्या हाताला लागली.

शेवटी, जेथे यांतील कोणताही उपाय लागू पडत नाही असे एक उदाहरण सर्वच विश्वस्त मंडळांना ठाऊक असते. धर्मशाळेच्या गाद्यांत ढेकूण झाले आहेत, यात्रेकरू तक्रार करतात, चातुर्मास महिन्यावर आला आहे. ढेकूण काही महिने उपाशी राहूनही जगतो, त्यामुळे खोली बंद ठेवून तो जात नाही. गादी उन्हात टाकली तरी तो मरतो, वाफ दिली तरी मरतो, औषधाने तर मरतोच. न मारता त्याला घालविण्याची युक्ती कोणालाही साधलेली नाही. अशा वेळी बैठकीत ठराव होतो, पैसे मंजूर होतात, आणि फवारणीसाठी बाहेरचा मजूर बोलाविला जातो. तो सकाळी लवकर येतो, तेव्हा तेथे कोणी नसते. बहुधा त्याच्या तोंडावर साधा रुमालही नसतो. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी एकाने त्या सकाळी तेथे उपस्थित राहावे, मजुराला मुखपट्टी व हातमोजे आपल्या हाताने द्यावेत, गाद्या उचलावयास हात लावावा, काम संपेपर्यंत थांबावे आणि त्या दिवशीचे प्रायश्चित्त स्वतः घ्यावे. ते मजुराच्या नावावर टाकू नये. आणि पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात कापसाच्या जुन्या गाद्या व लाकडी पलंगांऐवजी लोखंडी पलंग आणि धुता येणाऱ्या खोळींसाठी रक्कम धरावी. भिंतींच्या फटी बुजविण्याचा खर्च त्याच बाबीखाली बसतो.